परीक्षेला बक्षीस: इस्रायलचा प्रयोग

परीक्षेतल्या यशाला बक्षीस ही जुनीच गोष्ट. आपल्याकडे मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळायची. पण ती हुशारांची. काठावरच्या मुलांना पैसे दिले तर?

इस्रायलने हे 2001 मध्ये करून पाहिलं. ‘बगरूत’ ही तिथली शालान्त परीक्षा. ती नसेल तर विद्यापीठाचं दार बंद. जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लेव्ही यांनी कमी निकालाच्या 40 शाळांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतली एक शाळा चिठ्ठी टाकावी तशी निवडली. तिथे बगरूत मिळवणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्याला 6,000 शेकेल.

झालं काय? मुलींचा निकाल वाढला, मुलग्यांचा जवळपास तिथेच राहिला. वाढल्या त्याही मुख्यतः काठावरच्या मुली. का? तर पेसाखच्या सुट्टीत शाळेत सराव-वर्ग असायचे, त्यांना या मुली जास्त बसल्या. म्हणजे बघा, पैशाने अक्कल वाढली नाही. जे वर्ग समोर होते त्यांना बसायला कारण मिळालं.

योजना वर्षभरातच गुंडाळली गेली. पण प्रश्न उरतोच: जिथे असे वर्गच नाहीत, तिथे नुसतं बक्षीस जाहीर करून मुलांनी नेमकं करायचं काय?