वरोरा : कोळसा संपल्यानंतरचे गाव

भोपाळहून नागपूर, सेवाग्राममार्गे दक्षिणेकडे जाणारी गाडी चंद्रपूरच्या आधी वरोऱ्यावरून जाते. वरोरा म्हटले की आपल्या बहुतेक सभासदांना आनंदवन आठवते. पण लोहमार्ग तेथे मुळात पोचला तो कोळशासाठी, ही गोष्ट आपल्या मुला-नातवंडांना माहीत नसते, म्हणून ही थोडी माहिती.

भारतात रेल्वे सुरू झाली तेव्हा मुंबईकडच्या इंजिनांसाठी कोळसा विलायतेहून जहाजाने येई आणि तो महाग पडे. त्यामुळे वर्धा खोऱ्यातील कोळशाला महत्त्व आले. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ मध्ये सुरू झाली. वर्ध्यापासून सुमारे ७२ किलोमीटरचा मार्ग १८७७ पर्यंत वरोऱ्याला पोचला. त्याचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ होते. येथील कोळसा तसा हलक्या प्रतीचा. त्यात ओल जास्त, आणि साठवून ठेवला की आपोआप पेट घेण्याचा दोष. तरी तो जवळचा होता, म्हणून चालला. १९०६ मध्ये खाण बंद झाली, आणि त्याच सुमारास दक्षिणेला बल्लारपूरला नवी खाण सुरू झाली.

वेल्समधील रोंडा खोऱ्यात अखेरची खाण १९९० मध्ये बंद झाली. तिथली गावे कोळशावरच वसलेली, त्यामुळे खाणींबरोबर त्यांचा रोजगारही गेला. वरोऱ्याचे तसे झाले नाही. आमच्या मते याचे श्रेय कापसाला आहे. याच मार्गावरचे हिंगणघाट कापसासाठी प्रसिद्ध होतेच. वरोराही कापसाची मोठी बाजारपेठ होते, सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने तेथे होते. आम्ही बँकेत आयुष्य काढलेली माणसे, म्हणून त्याच भाषेत सांगतो : खाण म्हणजे दरवर्षी मुद्दलातून खर्च, कापूस म्हणजे दरवर्षीचे उत्पन्न. कोळशासाठी आलेली रेल्वे कापसाच्या कामी आली. पुढे १९२९ मध्ये बल्लारशाह ते काझीपेठ हा दुवा पूर्ण झाला आणि वरोरा दिल्ली-मद्रास मार्गावर आले.

हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी वरोऱ्यात वकिली केली, तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्षपदही सांभाळले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि गावाजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहिले.

कोळसा मात्र या भागातून गेला नाही. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सने वरोरा-भद्रावती परिसरात खाणी चालवल्या. याच कंपनीच्या बैतूल जिल्ह्यातील पाथाखेड्याच्या कोळशावर सारणीचे वीजकेंद्र चालत आले आहे, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातील दिव्यांशीही याचा संबंध आहे.

वरोऱ्याच्या जुन्या खाणीची नोंद सरकारी गॅझेटिअरमध्ये सापडते. खाणीत उतरणाऱ्यांच्या आठवणी मात्र घरोघरी असतात. ज्यांचे पणजोबा तेथे किंवा त्या रेल्वेवर कामाला होते, त्यांनी जुनी छायाचित्रे, पत्रे मंडळाला दाखवावीत. प्रत काढून मूळ परत देऊ.