हरितलवक

हरितलवक : हिरव्या वनस्पती व शैवले यांच्या पेशींतील प्रकाशसंश्लेषण करणारे अंगक. पेशीतील लवकांचा हा एक प्रकार असून त्याचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे येतो. हायड्रिला या पाणवनस्पतीचे पान जेमतेम दोन पेशींइतके जाड असते. ते न कापता सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तरी पेशीभित्तिकेच्या कडेने पेशीद्रवाबरोबर सरकणारे हिरवे ठिपके दिसतात. तीच हरितलवके.

संरचना : उच्च वनस्पतींत हरितलवक भिंगासारखे, साधारण ५ ते १० मायक्रोमीटर लांब असते. पानाच्या आतील हिरव्या ऊतीच्या एका पेशीत अशी अनेक हरितलवके असतात. त्याच्याभोवती दुहेरी आवरण असते. आत पीठिका (स्ट्रोमा) हा घट्टसर द्रव आणि त्यात थायलाकॉइड या चपट्या पिशव्या असतात. भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचलेल्या थायलाकॉइडांना ग्रॅना म्हणतात. हरितद्रव्य थायलाकॉइडांच्या पटलांत असते. पीठिकेत विकरे, रायबोसोम, स्टार्चचे कण आणि हरितलवकाचा स्वतःचा डीएनए असतो.

कार्य : प्रकाशसंश्लेषणाचे दोन टप्पे दोन जागी पार पडतात. थायलाकॉइडच्या पटलात प्रकाशाच्या ऊर्जेने पाण्याचे विघटन होते, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि एटीपी व एनएडीपीएच तयार होतात. ही दोन संयुगे खर्च करून पीठिकेत कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा बनते. या दुसऱ्या टप्प्यातील विक्रियांचा माग काढल्याबद्दल मेल्व्हिन कॅल्व्हिन यांना १९६१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ऊस, ज्वारी व मका यांत शिरांभोवतीच्या पेशींतील हरितलवकांत ग्रॅना फारच कमी असतात. लगतच्या पेशींत आधी बांधलेला कार्बन डायऑक्साइड तेथे आणून सोडला जातो व त्यापासून शर्करा बनते. त्यामुळे कडक उन्हातही या पिकांची वाढ जोमाने होते.

उगम : हरितलवकाचा डीएनए जीवाणूंच्या डीएनएप्रमाणे वर्तुळाकार असतो. एकेकाळी स्वतंत्र असलेला सायनोबॅक्टेरिया दुसऱ्या पेशीत शिरून तेथेच स्थिरावला व त्यापासून हरितलवक उत्क्रांत झाले, असे मानतात. ही कल्पना रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मेरेझकॉव्हस्की यांनी १९०५ मध्ये मांडली. लिन मार्ग्युलिस यांच्या १९६७ मधील लेखामुळे तिला नव्याने चालना मिळाली. हरितलवके नव्याने घडत नाहीत. आधीच्या लवकांपासूनच ती तयार होतात. मात्र पुष्कळ प्रथिनांसाठी ती पेशीच्या केंद्रकावर अवलंबून असतात.

रूपांतर : टोमॅटो किंवा मिरची पिकताना हरितलवकांतील हरितद्रव्य नाहीसे होते व त्यांची लाल वर्णलवके बनतात. बटाट्यात उलट घडते. उजेड लागला की त्यातील रंगहीन लवके हरितलवकांत बदलतात आणि साल हिरवी पडते. त्याच वेळी सोलॅनिन हे कडू, विषारी द्रव्यही वाढते. म्हणून बटाट्याच्या पिकाला मातीची भर देतात व काढलेले बटाटे अंधारात साठवतात.