बारा व्होल्टांचा हिशेब

१८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली आणि पुढची कितीतरी दशके सोलापूरचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यावर चालला. मिरवणुकीचा आवाज वेगळा, लेझमीचा आणि हलगीचा. कर्ण्यातून येणारा विजेचा आवाज त्यामानाने उशिराचा. तो गल्लोगल्ली फिरू लागला तो मोटारीच्या बॅटरीमुळे.

मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांच्या या शहरात सिनेमा, सभा आणि सेल यांची दवंडी रिक्षा पिटू लागली. १९४०पासून चालत आलेल्या दिल्लीच्या 'आहुजा'चे वीज आणि बॅटरी दोन्हींवर चालणारे अ‍ॅम्प्लिफायर अशा कामासाठीच असत. आवाज कर्कश, पण गरज बोलण्यापुरतीच.

गाडीत दणका हवा झाला तेव्हा गणित अडले. चालू गाडीत बॅटरीपाशी साधारण १४.४ व्होल्ट. तेवढ्यावर थेट चालणारा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला, ब्रिज जोडणी करूनही, स्वच्छ असे फार तर २६ वॅट देतो. म्हणून मोठ्या कार-अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात आणखी एक यंत्र बसवले गेले. मॉसफेट बॅटरीच्या प्रवाहाची सेकंदाला हजारो वेळा तोडजोड करतात, फेराइटच्या कड्यावरचा ट्रान्सफॉर्मर व्होल्ट चढवतो. जुना अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला येतो तेव्हा बऱ्याचदा हाच भाग जळालेला असतो.

जाणता कारागीर असा डबा थेट बॅटरीला लावत नाही. आधी मल्टिमीटरने शॉर्ट झालेले मॉसफेट शोधायचे, फुगलेले कॅपॅसिटर काढायचे, ट्रान्झिस्टरखालचा अभ्रक फाटलाय का पाहायचे. मग पुरवठ्याच्या वाटेत हेडलाइटचा बल्ब. तो क्षणभर उजळून मंदावला तर कॅपॅसिटर भरले, ठीक. पेटलेलाच राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. आउटपुटवर लक्षणीय स्थिर डीसी दिसला, तर स्पीकर जोडायचा नाही, नाहीतर कॉइलची राख. शेवटी स्पीकरऐवजी ४ ओहमचा जाडजूड रेझिस्टर आणि ऑसिलोस्कोप. लाटेचे माथे चपटे होण्याच्या आधी २० व्होल्ट (आरएमएस) मिळाले, तर अ‍ॅम्प्लिफायर १०० वॅटचा, झाकणावर काहीही छापलेले असो.

आणि झाकणावर काहीही छापलेले असेच! अमेरिकेने १९७४ साली वॅटच्या जाहिरातींना नियम लावला, पण तो घरगुती यंत्रांपुरता. कार-अ‍ॅम्प्लिफायरसाठी तिथल्या उद्योगाने स्वतःहून मानक केले ते २००३ साली. त्याआधीच्या डब्यांबाबत फ्यूज जास्त खरे बोलतो. ३० अँपिअरचा फ्यूज म्हणजे आत जाणारी शक्ती सव्वाचारशे वॅटच्या आसपास. जुन्या पद्धतीच्या सर्किटमध्ये त्यातली निम्मी-अधिक शक्ती बाहेर पडते, बाकी उष्णता. 'एक हजार वॅट' मग कुठून येणार?

दणक्याला कायद्याने वेसण घातली २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींना हे आकडे झेपत नाहीत, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

दुरुस्ती करणाऱ्यापुढची अडचण मात्र भलतीच. तोशिबाच्या ५२००-१९४३ या लोकप्रिय ट्रान्झिस्टर-जोडीची नक्कल बाजारात सर्रास मिळते. वरून छापा तोच, आत सिलिकॉनची चिप मात्र अस्सलपेक्षा बरीच लहान. हलक्या आवाजावर दोन्ही सारखेच गातात. फरक कळतो तो पूर्ण लोडवर, नवा ट्रान्झिस्टर फुटल्यावर.