पागलखाना चौक ते धरमपेठ

नागपुरात ऑटोवाल्याला ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ असा पत्ता सांगितला तर तो मागे वळून बघतो. ‘पागलखाना’ म्हटलं की काही न विचारता गाडी छिंदवाडा रस्त्याकडे वळवतो. सरकारने पाटी कधीच बदलली, लोकांच्या तोंडचं चौकाचं नाव बदललं नाही. हा पागलखाना १८६४ सालचा. इंग्रजांनी मध्य प्रांताची आखणी केली १८६१ मध्ये, त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी तो उभा राहिला. हा झाला शहराचा उत्तरेकडचा कोपरा. पश्चिमेला, अंबाझरीच्या वाटेवर, धरमपेठ. तिथे आज लक्ष्मीभुवन चौकातून शंकरनगरकडे चालत निघालं, तर कोचिंग क्लास आणि साड्यांच्या दुकानांच्या गर्दीत ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’, ‘स्पीच थेरपी’, ‘ऑक्युपेशनल थेरपी’ अशा पाट्या दिसतात. जगावेगळं वागणाऱ्या मुलाला घेऊन जायचं ठिकाण त्या चौकातून या पेठेत यायला दीडशे वर्षं लागली, आणि ती वाट सरळ नव्हती.

सुरुवातीच्या काळात कायद्याला मुलांमधले फरक कळतच नव्हते. १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट’मध्ये वेड्याची व्याख्या एका ओळीची होती: जन्मतः बुद्धीने अधू असलेला किंवा चित्त ठिकाणावर नसलेला माणूस. भास होणारा जवान आणि पाचव्या वर्षीही न बोलणारं मूल, दोघं एकाच खणात. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालला. त्याच्या जागी आलेला १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्ष लागू झाला तो १९९३ मध्ये. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या ऑटिस्टिक नागपूरकराचं सारं बालपण कागदोपत्री १९१२ च्या व्याख्येखाली गेलं.

अर्थात बहुतेक घरांनी पागलखान्याची पायरी चढलीच नाही. मूल घरात राहिलं, गुरांमागे गेलं, नाहीतर देवळाच्या ओट्यावर बसलं. आणि विदर्भाच्या मातीत अशा माणसासाठी आणखी एक जागा होती. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरचे श्रीगोविंदप्रभू तेराव्या शतकात गावभर मनाला येईल तसे फिरत, वस्तूंशी खेळत, मधेच हसत, रागावत. महानुभावांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या, त्यात गावकरी त्यांना वेडेही म्हणतात आणि मायबापही मानतात. नागपूरचं उदाहरण तर अगदी अलीकडचं. कामठीला जन्मलेले बाबा ताजुद्दीन पलटणीतली नोकरी सोडून भटकू लागले, त्यांच्या वागण्याची छावणीत तक्रार झाली आणि १८९२ मध्ये त्यांची रवानगी याच पागलखान्यात झाली. तिथे ते सोळा वर्षं होते. लोक दर्शनाला पागलखान्याच्या दाराशी येऊ लागले. शेवटी १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी जामीन भरून त्यांना शकरदऱ्याच्या वाड्यात नेलं. १९२५ मध्ये बाबा गेले. ताजाबादचा उरूस आजही भरतो.

या दोघांना आजच्या डॉक्टरी चष्म्यातून बघून निदान चिकटवायचा उद्योग कुणी करू नये. काहीजण करतात, आणि तो संतांवरही अन्याय आहे व वैद्यकावरही. मुद्दा शहराचा आहे. त्या काळच्या नागपूरकडे चारचौघांसारखं न वागणाऱ्या माणसासाठी दोनच दारं होती, कोठडी आणि गादी. ज्याच्यात ना उपद्रव ना चमत्कार, असं नुसतंच गप्प किंवा नुसतंच अतिचळवळं पोर दोन्हीकडे बसत नव्हतं.

अशा पोरांकडे जगाचं लक्षही उशिराच गेलं. लंडनमध्ये १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचं वर्णन त्यांत होतं. आजच्या एडीएचडीचा मागोवा घेणारे तिथून सुरुवात करतात. ऑटिझमचं वर्णन १९२५ मध्ये मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी केलं, ते बरीच वर्षं कुणाच्या ध्यानात नव्हतं. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची टिपणं छापली आणि नाव त्यांचं झालं. भारतातली पहिली नोंद फार लांबची नाही: १९४४ मध्ये दार्जिलिंगला काम करणाऱ्या ए. रोनाल्ड या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने ‘इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’मध्ये अशा मुलांवर लिहिलं. मुंबईत त्याआधीच, १९३७ मध्ये, सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेने देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र उघडलं होतं, आणि १९४४ मध्ये जय वकील व त्यांचे डॉक्टर पती यांनी आपल्या मुलीच्या गरजेतून शाळा सुरू केली. ती शिवडीची जय वकील शाळा.

नागपूर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं, मध्य प्रांताची राजधानी होतं. इथली कामं इथल्याच माणसांनी उभी केली. कमलाताई होस्पेट या तरुणपणीच विधवा झालेल्या परिचारिकेने वेणूताई नेने यांच्यासोबत १९२१ मध्ये मातृसेवा संघ काढला, तो बाळंतिणींसाठी. सरकारी इस्पितळात जायला बायका बिचकत, दाई हाताशी नसे, म्हणून. सुखरूप जन्मलेल्या मुलांतलं एखादं पुढे मागे पडलं की आई विचारायला पुन्हा तिथेच येणार, हे ओघानेच आलं. संघाने पुढे समाजकार्याचं महाविद्यालय काढलं आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ‘नंदनवन’ शाळाही चालवली. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. विदर्भातल्या विशेष शिक्षणाचा इतिहास कुणी लिहिला, तर त्याचं पहिलं प्रकरण प्रसूतिगृहात सुरू होईल.

पण विशेष शाळेतही ऑटिझम वेगळा ओळखला जात नव्हता. तो मतिमंदत्वाच्या रकान्यात जमा व्हायचा. शिवाय कॅनरच्या लेखनाचा एक विखारी धागा पुढच्या काही दशकांत फोफावला: आई थंड असते म्हणून मूल असं होतं. अमेरिकेत बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ मध्ये पुस्तक लिहून हे खोडलं. आपल्याकडे सिद्धान्ताची गरजच नव्हती. ‘नोकरी करते ना, मग मूल कसं बोलणार’ हे धरमपेठेतल्या आत्याबाईंना कुणी शिकवावं लागलं नाही. दुसरी आत्या बोलण्यात प्रेमळ, पण तोटा तेवढाच करणारी: ‘अगं, याचा बापबी चार वर्षांनीच बोलला होता.’ या एका वाक्याने किती मुलांची सुरुवातीची वर्षं वाया घालवली, याचा हिशेब कुठल्याच जनगणनेत नाही.

एडीएचडीची गत आणखी वेगळी. धरमपेठ ही शिक्षणाची पेठ; शाळा, कॉलेज, शिकवण्या, टक्क्यांच्या गोष्टी. इथे जागेवर न बसणाऱ्या पोराला ‘पोट्टा मस्तीखोर आहे’ म्हणून फटके मिळत, आणि खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलीला तेही मिळत नसत, कारण ती कुणाला त्रास देत नाही. ती नववीत गणितात गडगडली की मग धावपळ. महाराष्ट्राने १९९६ मध्ये अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या, जास्तीचा वेळ, लेखनिक वगैरे. त्यात राज्य देशात पुढे होतं. तपासणीच्या निमित्ताने अनेक घरांनी एडीएचडी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

मग प्रमाणपत्रांचा काळ आला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. चार वर्षांनी, १९९९ मध्ये, राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याला नाव दिलं, पण त्या कायद्याचा भर पालकत्व आणि सांभाळ यांवर होता. नोकरी-शिक्षणाच्या सवलतींसाठी जुनेच सात रकाने. परिणामी कित्येक घरांनी मुलाच्या माथी ‘मतिमंद’ हा शिक्का मुद्दाम मारून घेतला, आणि ज्याची बुद्धी चाचणीत चांगली निघाली त्याला काहीच मिळालं नाही. हुशार असणं हाच गुन्हा ठरला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार २१ केले; त्यात ऑटिझम आला, अध्ययन-अक्षमता आली. मोजमापासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने आधीच ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी तयार केली होती: ४० प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, बेरीज ७० किंवा त्याहून जास्त झाली तर ऑटिझम.

एडीएचडी या २१ मध्ये नाही.

गंमत अशी की ज्या अमेरिकी निदानपुस्तकावर इथले डॉक्टर विसंबतात, त्याने २०१३ पर्यंत एकाच मुलाला ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं द्यायला मनाई केली होती. एक दिलं की दुसरं नाही. घरी मात्र दोन्ही एकाच पोरात नांदत होती: शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टी वाजली की कान झाकून ओरडणारा आणि त्याच दमात सोफ्यावरून टेबलावर उडी घेणारा. त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी करायच्या ३० आजार-अवस्थांच्या यादीत ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहेत. तपासणीच्या यादीत आहे, हक्कांच्या यादीत नाही, अशी एडीएचडीची त्रिशंकू अवस्था.

धरमपेठेतल्या थेरपीच्या खोलीत दार उघडून पाहिलं तर पहिल्यांदा वाटतं, ही बालवाडीच आहे. छताला टांगलेला कापडी झोपाळा, मोठा रबरी चेंडू, राजम्याने भरलेला टब, भिंतीवर चित्रांची पट्टी: बूट काढ, हात धू, झोपाळा, कोडं, घर. पोरगा झोपाळ्यात गोल फिरतो, थेरपिस्ट ताई झोपाळा मधेच थांबवते आणि वाट बघते. तो तिच्याकडे बघेपर्यंत, किंवा ‘अजून’ची खूण करेपर्यंत, ती हलत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या बापाला वाटतं, पैसे झोका द्यायचे घेतात. खरं काम त्या थांबण्यात असतं. बाकावरचा बाप चंद्रपूर-गडचिरोलीहून आलेला असू शकतो, नाहीतर बालाघाट-छिंदवाड्याचा. वैद्यकीय उपचारांसाठी सगळा मध्य भारत नागपूरला येतो, त्याला ही मुलंही अपवाद नाहीत. आठवड्यातून दोन फेऱ्यांचा सल्ला गडचिरोलीच्या माणसाने दीडशेहून जास्त किलोमीटरवरून कसा पाळायचा, याचं उत्तर कुठल्या फाइलमध्ये सापडत नाही.

आणि भाषा. घरात मराठी, गोकुळपेठेच्या बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी, ही नागपूरची रोजची तऱ्हा. न बोलणाऱ्या मुलाच्या आईला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की एकच भाषा ठेवा, शक्यतो शाळेची. मग आजीने नातवाशी इंग्रजीत बोलायचं? तिने बोलणंच सोडलं. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं याला अभ्यासांत आधार सापडलेला नाही. अनेक अभ्यासांत दोन भाषांतली मुलं एका भाषेतल्या मुलांइतकीच पुढे गेलेली दिसली. आजींना आता परत बोलवायला हरकत नाही.

जिथे आशा तिथे दुकानही. ऑटिझम ‘बरा’ करण्याचे दावे या शहरातही पत्रकांवर वाचायला मिळतात. त्यातला सगळ्यात महाग दावा मूलपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या मंडळाने ऑटिझमसाठी हा उपचार करू नये, असं स्पष्ट सांगितलं. पत्रकं वाटणाऱ्यांनी ते वाचलं असेलच.

सगळ्यात कमी बोललं जातं ते मोठ्या झालेल्या मुलांबद्दल. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव दिलं, आधारकार्डावर बाप म्हणून. अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहातून बाहेर, या नियमाविरुद्ध ते वर्षानुवर्षं भांडले; २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये प्रश्न तोच आहे, फक्त दार बंद करून विचारला जातो: आपल्यामागे याचं कोण? राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते आणि ती अठरा वर्षांवरील व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देते. ही सोय ऑटिझमला लागू आहे.

तेव्हा ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी दोन गोष्टी लांबणीवर टाकू नयेत. वर्षाचं होऊन नावाला वळून बघत नाही, दीड वर्षाला बोटाने दाखवत नाही, दोन वर्षांनी दोन शब्द जोडत नाही, तर बापाच्या बालपणीच्या गोष्टी न ऐकता आधी कान तपासून घ्या आणि मग विकास-बालरोगतज्ज्ञाकडे जा. आणि मूल अठराचं होण्याआधीच जिल्हाधिकारी कार्यालयात पालकत्वाच्या अर्जाची चौकशी करा. तो अर्ज घ्यायला सरकार घरी येत नाही.