जालन्याची छावणी आणि उन्हाळी फळांचा केक

जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, ही म्हण मराठवाड्यांत घरोघर ठाऊक आहे. कापूस, धान्य, बीबियाणें आणि लोखंड ह्यांच्या व्यापारानें ती म्हण खरी करून दाखविली. परंतु ह्याच गांवाच्या इतिहासाला चिकटलेलें एक लहानसें, स्वयंपाकघरांतलें प्रकरण आहे. व्यापाऱ्यांच्या वह्यांत तें सांपडावयाचें नाहीं; तरी त्यानें माणसांचीं घरें हलविलीं. तें प्रकरण भट्टींत भाजलेल्या पिठाचें. आज जालन्याच्या एखाद्या घरीं मुलांना सुटी लागावी, कोणी बाजारांतून ताज्या फळांची टोपली आणावी, आणि त्या फळांचा केक करावयाचें ठरावें, तर त्यांत कोणास कांहीं विशेष वाटत नाहीं. आजीच लोणी फेसावयास बसते. सुमारें एकशें ऐंशी वर्षांपूर्वीं मात्र परक्या घरच्या अन्नापायीं बारा वर्षांच्या एका मुलास स्वतःच्या घरीं परत येणें कठीण झालें होतें; आणि त्याच्या थोरल्या भावाचें पुढलें आयुष्य ह्याच जालन्याशीं जोडलें गेलें.

ह्या कथेंत फळें आधीं आलीं, भट्टी मागाहून आली. चौदाव्या शतकांत इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादेस आला, तेव्हां तेथील द्राक्षें आणि डाळिंबें पाहून तो संतुष्ट झाला, आणि ह्या मुलुखांत त्यांचीं वर्षांतून दोन पिकें निघतात, असें त्यानें लिहून ठेविलें. दौलताबादेचा हा फळबागांचा टापू जालन्यापासून फार दूर नाहीं. काळी जमीन, कोरडी हवा आणि विहिरीचें पाणी, एवढ्या भांडवलावर दख्खनच्या माळ्यांनीं हा फळफळावळीचा वारसा सांभाळिला. पण तें फळ खाल्लें जाई तें ताजें, किंवा सुकवून बेदाणे करून. पिठांत घालून भाजण्याची चाल येथें नव्हती, कारण घराघरांत चूल होती, भट्टी नव्हती.

भट्टी आली ती पलटणींबरोबर. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं भोकरदनजवळच्या असई गांवीं आर्थर वेलस्लीनें शिंदे आणि भोसले ह्यांच्या फौजेचा पराभव केला. हें असई आज जालना जिल्ह्यांत मोडतें. त्या लढाईनंतर ह्या भागांत इंग्रजी अंमलाखालील फौजेचा वावर वाढला, आणि १८२७ सालीं जालन्यास हैदराबाद कंटिन्जंटची कायमची छावणी वसली. जेथें छावणी, तेथें पाव हवा. जेथें पाव, तेथें भट्टी हवी. हिंदुस्थानांत पाव करण्याची विद्या पोर्तुगीजांच्या मागून गोव्यास रुजली होती. खुद्द ‘पाव’ हा शब्दही त्यांच्याच भाषेंतला. गोव्याचा पदेर पीठ फुगविण्यासाठीं माडाची सूर घाली. ज्यांत ताडी, त्या पावाकडे सोवळ्यांतलीं माणसें कोणत्या नजरेनें पाहत असतील, हें सांगावयास नको. मिशनऱ्यांनीं विहिरींत पावाचे तुकडे टाकून गांवेंच्या गांवें बाटविलीं, ही आख्यायिका कोंकणपट्टींत अजून ऐकूं येते. ती खरी असो वा नसो, पावाचा एक घास म्हणजे धर्माची सीमा, हें लोकांच्या मनांत किती खोल गेलें होतें, हें तीवरून दिसतें.

केक हें पावाचेंच श्रीमंत भावंड. अठराव्या शतकांतील इंग्रज गृहिणी पीठ, लोणी, साखर आणि अंडीं हीं चार द्रव्यें सारख्या वजनानें घेई. हा केक फुगे तो ताडीनें किंवा आंबवणानें नव्हे, तर हाताच्या कष्टानें. लोणी आणि साखर एकत्र फेसतांना साखरेच्या कणांबरोबर हवेचे बारीक बुडबुडे लोण्यांत अडकतात. भट्टीच्या उष्णतेनें ते प्रसरण पावतात आणि पीठ वर उचलतात. पुढें १८४३ सालीं बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नांवाच्या औषधविक्यानें बेकिंग पावडर तयार केली. त्याच्या पत्नीस आंबवणाचे पदार्थ सोसत नसत. तिला पाव खातां यावा म्हणून त्यानें हा उद्योग केला. सोडा आणि आम्ल ह्यांस ओलावा लागला, कीं वायु सुटतो आणि पीठ फुगतें. ताडीची गरज उरली नाहीं. एका पतीनें पत्नीच्या पथ्यासाठीं काढलेल्या ह्या पुडीनें सोवळ्या घराचा एक मोठा आक्षेप नकळत दूर केला. परंतु ती गोष्ट हिंदुस्थानांत ध्यानीं येण्यास बराच काळ जावयाचा होता.

कारण त्याच १८४३ सालीं मुंबईंत नारायण शेषाद्रि ह्या ब्राह्मण तरुणानें ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत सुमारें बारा वर्षांचा होता. तोही भावापाठोपाठ मिशनऱ्यांच्या घरीं राहिला आणि तेथें जेवला. वडिलांनीं न्यायालयांत दाद मागितली, आणि न्यायालयानें मुलास त्यांच्या हवालीं केलें. कायद्याचा प्रश्न येथें संपला. घराचा प्रश्न येथें सुरू झाला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. परंतु त्यानें परधर्मीयांचें अन्न खाल्लें होतें. अशा मुलास पंक्तीस घ्यावें कीं नाहीं? बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं शास्त्राधार दाखवून प्रायश्चित्त देऊन त्यास शुद्ध करून घ्यावें, अशी बाजू घेतली. सनातनी मंडळींनीं त्यांस कडाडून विरोध केला, आणि मुंबईच्या ब्राह्मणसमाजांत उभी फूट पडली. ‘दर्पण’ पत्र काढून ज्यांनीं मराठी वृत्तपत्रसृष्टीचा पाया घातला, त्या विद्वानास एका मुलाच्या पोटांत गेलेल्या अन्नासाठीं निंदा सोसावी लागली. १८४६ सालीं बाळशास्त्री वारले. वाद मात्र त्यांच्याबरोबर शमला नाहीं.

नारायण शेषाद्रि परत फिरले नाहींत. पुढें ते धर्मोपदेशक होऊन जालन्यास आले. छावणींत काम करतां करतां त्यांच्या ध्यानांत आलें, कीं जे लोक धर्मांतर करतात त्यांचें गांवांतलें पाणी, काम आणि निवारा तिन्ही तुटतात. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्या अमदानींत त्यांस जालन्याजवळ जमीन मिळाली, आणि तेथें त्यांनीं बेथेल नांवाची वसाहत उभारली. ज्या माणसाच्या धाकट्या भावाचें ताट एकदां पंक्तींतून बाजूस सारलें गेलें, त्यानेंच अन्नपाण्यास मुकलेल्या लोकांसाठीं गांव वसवावें, ह्यांत इतिहासाचा एक प्रकारचा न्याय दिसतो. १८९१ सालीं परदेशांतून परततांना प्रवासांतच त्यांचा अंत झाला.

त्याच्या एकच वर्ष आधीं पुण्यांत हें प्रकरण नव्या रूपानें पेटलें होतें. ऑक्टोबर १८९० मध्यें पंचहौद मिशनमध्यें एका सभेनंतर पाहुण्यांपुढें चहा आणि बिस्किटें आलीं. पाहुण्यांत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हातीं धरिला. गोपाळराव जोशी ह्यांनीं उपस्थितांचीं नांवें छापून आणिलीं, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. अखेर रानड्यांसारख्या पुरुषानेंही प्रायश्चित्त घेतलें. त्यांच्या सुधारक अनुयायांस तें जिव्हारीं लागलें. ह्या गोष्टीस आज कोणी हंसेल. परंतु हंसण्यापूर्वीं एक विचार करावा. त्या काळीं बहिष्काराचा अर्थ नुसता पंक्तीबाहेर जेवणें एवढाच नव्हता. मुलीचें लग्न मोडे, श्राद्धास ब्राह्मण मिळेना, माहेरचें दार बंद होई. रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें तें भीतीनें नव्हे, तर आपल्यामुळें आप्तेष्टांस त्रास होऊं नये म्हणून, असें त्यांच्या बाजूनें सांगतात. बिस्किटाचें वजन दोन तोळेसुद्धां नसेल. त्याखालीं दबलेलें ओझें केवढें होतें!

पुढें काळ पालटला. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी आगगाडी जालन्यावरून धांवूं लागली. १९०३ सालीं हैदराबाद कंटिन्जंट ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यांत विलीन झालें आणि छावणीचें वैभव ओसरलें. साहेब गेले, भट्टी मागें राहिली. शिवाय ही विद्या आपल्याकडे अगदींच परकी नव्हती. नानकटाई भाजतांना खालीं विस्तव आणि वर झांकणांत निखारे ठेवण्याची रीत मराठी स्त्रियांस माहीत होती. केकासाठीं हीच रीत कामीं आली. जेथें अंडें चालत नाहीं, तेथें दह्यानें आणि सोड्यानें तें काम भागविलें गेलें. १९४८ सालीं निजामी राजवट संपली, १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा बनला. एवढ्या उलथापालथींत केक केव्हां घरचा झाला, ह्याची तारीख कोणी मांडून ठेविली नाहीं. घरांत शिरणाऱ्या चांगल्या गोष्टी बहुधा अशाच, पाऊल न वाजवितां येतात.

आतां ह्या केकांत घालावयाच्या फळांविषयीं. विलायतेंत उन्हाळी केक करतात तो झुडुपांवरच्या लहान, रसाळ फळांचा. आपल्याकडे त्यांपैकीं स्ट्रॉबेरी इंग्रजी अमदानींत महाबळेश्वरच्या थंड हवेंत रुजली. २०१० सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें. गंमत अशी, कीं वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येनें स्ट्रॉबेरी हें खरें मृदुफळ नव्हेच; तिचा लाल गर हा फुलाच्या फुगलेल्या देठाचा असतो. द्राक्ष आणि करवंद मात्र शास्त्रशुद्ध मृदुफळें होत! म्हणजे जालन्यास फळासाठीं महाबळेश्वराकडे पाहण्याचें कारण नाहीं. जालना तालुक्यांतील कडवंची गांवानें १९९६ पासून पाणलोटाचीं कामें करून पाणी अडविलें आणि कोरडवाहू शिवारांत द्राक्षबागा उभ्या केल्या. तुतीची लागवड जिल्ह्यांत आहे, ती पानांसाठीं, रेशमाच्या किड्यांकरितां. २०१८ सालीं जालन्यास रेशीमकोषांची बाजारपेठही सुरू झाली. परसांतल्या एखाद्या न छाटलेल्या तुतीस मात्र उन्हाळ्याच्या तोंडीं जांभळीं फळें लगडतात. त्यामागून आंबटगोड फालसा येतो. ह्यांपैकीं कोणतेंही फळ केकास शोभतें.

कृति साधी आहे. २०० ग्रॅम मैदा आणि दीड चमचा बेकिंग पावडर चाळून घ्यावी. १०० ग्रॅम लोणी आणि १५० ग्रॅम साखर पांढरी होईपर्यंत फेसावी. जालन्यास वैशाखांत पारा चाळीस अंशांपुढें जातो. त्या उष्म्यांत लोणी पातळ होतें आणि पातळ लोण्यांत हवा टिकत नाहीं, म्हणून हें काम पहांटेस उरकावें. मग दोन अंडीं एकामागून एक घालावीं, आणि पीठ व अर्धी वाटी दूध आलटून पालटून, हलक्या हातानें मिसळावें. पाव किलो फळें धुऊन अगदीं कोरडीं करावीं. फालशाच्या बिया काढून टाकाव्या, द्राक्षें अर्धीं चिरावीं. फळांस चमचाभर मैदा चोळावा, म्हणजे तीं तळाशीं बसत नाहींत. निम्मीं आंत घालावीं, निम्मीं वर पसरावीं. भट्टी असल्यास १८० अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटें पुरतात. नसल्यास जाड पातेल्यांत दोन बोटें वाळू तापवून, तीवर तिवई ठेवून, तीवर केकाचें भांडें ठेवावें आणि झांकण घट्ट बसवावें. मंद आंचेवर तासाभराचें काम. पहिला अर्धा तास झांकण उघडूं नये. सळई घालून पाहावी. ती कोरडी निघाली, कीं केक झाला.

असा केक थंड झाल्यावर कापला जातो, आणि घरांतलीं, शेजारचीं, अनेक जातींचीं आणि धर्मांचीं मुलें एकाच ताटांतून तुकडे उचलतात. कोणाच्या हातचा, कोणाच्या घरचा, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर येत नाहीं. परंतु हा सहजपणा फुकटचा नाहीं. त्याची किंमत कोणीतरी आधींच चुकती केली आहे: बाळशास्त्र्यांनीं निंदा सोसून, नारायण शेषाद्रींनीं घराला मुकून, रानड्यांनीं मान लववून, आणि ज्याला पंक्तीबाहेर बसण्याचा अर्थ पुरता कळलाही नसेल, त्या श्रीपतनें आपल्या बालपणानें. आज घरोघरीं तें लहान मूल निःशंकपणें दुसरा तुकडा मागतें, हेंच त्या ऋणाचें पुण्यस्मरण होय.