प्रवेश-पोर्टफोलिओ (भूदृश्य वास्तुकला)

भूदृश्य वास्तुकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्जासोबत सादर करावयाच्या निवडक स्वनिर्मित कामांच्या संग्रहास प्रवेश-पोर्टफोलिओ म्हणतात. जमीन, पाणी, वनस्पती आणि मानवी वापर यांच्या एकत्रित विचारातून मोकळ्या जागांची रचना करणे हा या शाखेचा विषय होय.

शिक्षण व प्रवेश

दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये हा अभ्यासक्रम १९७२ पासून आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. भानुबेन नानावटी महिला वास्तुकला महाविद्यालयात तो उपलब्ध आहे. वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी ही प्रचलित पात्रता होय. काही संस्था प्रवेश परीक्षेच्या गुणांवर भर देतात. अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ पोर्टफोलिओही मागते.

स्वरूप

पोर्टफोलिओत स्थळनकाशे, समोच्च रेषांचे आराखडे, छेदचित्रे, हस्तरेखाटने आणि छायाचित्रे असतात. कच्च्या रेखाटनापासून अंतिम आराखड्यापर्यंतचा विचारप्रवास दिसणे महत्त्वाचे असते. सामूहिक कामात स्वतःचा वाटा स्पष्ट नमूद करावा लागतो.

स्थानिक परिसराचा उपयोग

विषयासाठी महानगरातील प्रकल्पच हवा असे नाही. नंदुरबार जिल्ह्यातील मोलगी (ता. अक्कलकुवा) हा सातपुड्यातील परिसर याचे उदाहरण ठरू शकतो. डोंगरउतारावरील शेती, विखुरलेले पाडे, मोहाची झाडे व पावसाळी ओढे यांचे प्रत्यक्ष मोजमाप हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यामुळे बुडालेली जमीन आणि पुनर्वसन हे प्रश्नही येथे भूदृश्याशी निगडित आहेत. अशा अभ्यासात स्थानिक रहिवाशांचे जमिनीविषयीचे ज्ञान नकाशाइतकेच मोलाचे ठरते.