अफूग्राही जनुके

तंत्रिका कोशिकांच्या पटलावर मॉर्फीन व तत्सम द्रव्यांना बांधून घेणारी ग्राही प्रथिने ज्यांच्यापासून तयार होतात, ती जनुके. १९७३ मध्ये बॉल्टिमोर येथे कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी किरणोत्सर्गी नॅलोक्सोन वापरून मेंदूच्या ऊतकात असे ग्राही असल्याचे दाखविले. न्यूयॉर्क येथे एरिक सायमन व अप्साला येथे लार्स टेरेनियस यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. (१९७८ च्या लास्कर पुरस्कारातून पर्ट यांना वगळण्यात आले, त्यावर झालेली टीका अनाठायी नव्हती.) खसखशीच्या बोंडातील द्रव्यासाठी मेंदूत ग्राही का असावेत, याचे उत्तर १९७५ मध्ये मिळाले : ॲबर्डीन येथे जॉन ह्यूझ व हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिने ही नैसर्गिक द्रव्ये वेगळी केली.

ग्राहींची जनुके मात्र दीर्घकाळ हाती लागली नाहीत. ग्राही अत्यल्प असतात आणि पटलापासून सोडविताच त्यांची बंधनक्षमता बहुधा नष्ट होते. १९८९ मध्ये मॉर्फीनला चिकटणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक मिळाले. परंतु ते प्रथिन कोशिकांना परस्परांशी जोडणाऱ्या कुलातील निघाले. १९९२ मध्ये वारेतून मिळालेले दुसरे जनुकही वेगळ्याच ग्राहीच्या जवळचे ठरले.

अखेर डिसेंबर १९९२ मध्ये लॉस अँजेल्स येथील क्रिस्टोफर एव्हान्स आणि स्ट्रासबर्ग येथील ब्रिजिट कीफर यांच्या गटांना स्वतंत्रपणे यश आले. प्रथिन शुद्ध करण्याचा नाद त्यांनी सोडला. ग्राहींनी समृद्ध अशा एका संकरित अर्बुद-कोशिकेतील संदेशवाही आरएनएच्या डीएनए प्रती त्यांनी माकडाच्या वृक्क-कोशिकांत घातल्या व ज्या कोशिका किरणोत्सर्गी द्रव्य पकडू लागल्या त्या वेचून काढल्या. अशा रीतीने ३७२ ॲमिनो अम्लांचा, पटलातून सात वेळा आरपार जाणारा डेल्टा ग्राही उलगडला. त्याच्या क्रमाच्या आधारे १९९३ मध्ये म्यू व कॅपा ग्राहींची जनुके सापडली. १९९४ मध्ये मिळालेला चौथा ग्राही रचनेने त्यांचाच भाऊबंद. पण मॉर्फीनला दाद न देणारा. त्याचा १७ ॲमिनो अम्लांचा नैसर्गिक सहचर १९९५ मध्ये तूलूझ व बाझेल येथे एकाच सुमारास मिळाला.

वेदनाशमन व व्यसन यांसाठी भिन्न ग्राही कारणीभूत असतील, अशी आशा पूर्वी बाळगली जात असे. १९९६ मध्ये कीफर यांच्या गटाने म्यू जनुक निकामी केलेले उंदीर निर्माण केले. त्यांच्यात मॉर्फीनने वेदना शमली नाही, तसेच त्याची ओढ वा शारीरिक अवलंबनही निर्माण झाले नाही.